डाल्स्टनच्या जर्मन रुग्णालयाची पार्श्वभूमी

पूर्व लंडनमधील डाल्स्टन येथे १८४५ साली अवघ्या बारा खाटांनिशी सुरू झालेले हे रुग्णालय साखर शुद्धीकरणाच्या कारखान्यांत राबणाऱ्या, बेकरीत किंवा शिवणकामावर पोट भरणाऱ्या गरीब जर्मनभाषकांसाठी होते. इंग्रजी न येणाऱ्या रुग्णाला आपले दुखणेच सांगता येत नसे, ही मूळ अडचण होती. धर्म न पाहता जर्मनभाषकांना दाखल केले जाई. अपघात झाल्यास परिसरातील इंग्रजांवरही उपचार होत. शुश्रूषेचे काम जर्मनीतील कैसर्सवर्थच्या प्रोटेस्टंट सेविका करत. पुढे १८६४ साली प्रशस्त इमारत उभी राहिली. रुग्णालयाचा उल्लेख आज बहुधा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या भेटीपुरताच होतो, हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे.

दोन महायुद्धांत येथील जर्मन कर्मचाऱ्यांना मिळालेल्या वागणुकीत मोठी तफावत आहे. १९१५ च्या मे महिन्यात लुसितानिया हे ब्रिटिश प्रवासी जहाज जर्मन पाणबुडीने बुडवल्यानंतर पूर्व लंडनमध्ये जर्मनांची दुकाने फोडली गेली आणि लढण्याच्या वयाच्या जर्मन पुरुषांना स्थानबद्ध करण्याचे धोरण जाहीर झाले; तरीही, परिचारिकांची टंचाई असल्याने, या रुग्णालयातील जर्मन कर्मचारी कामावर राहिले. १९४० साली मात्र डॉक्टर आणि परिचारिकांना ताब्यात घेऊन आयरिश समुद्रातील मॅन बेटावरील छावण्यांत पाठवण्यात आले. फ्रान्सवर चढाई झाली होती, घरभेद्यांची धास्ती होती, हे समर्थन समजण्याजोगे आहे. परंतु शत्रुदेशीय नागरिकांची न्यायाधिकरणांपुढे छाननी आणि वर्गवारी १९३९ च्या शरद ऋतूतच सुरू झाली होती. त्या वर्गवारीनुसार सौम्य निर्बंधांवर मोकळे ठेवलेल्यांनाही मे १९४० नंतर सरसकट उचलले गेले, तेव्हा व्यक्तीपेक्षा राष्ट्रीयत्वालाच वजन मिळाले, असे म्हणावे लागते. वॉर्डांना तर युद्धकाळात अनुभवी हातांची गरज सर्वाधिक होती.

अवघ्या चार वर्षांपूर्वी, १९३६ साली, गच्चीवर बाग असलेला आधुनिक धाटणीचा नवा विभाग येथे बांधून झाला होता. अटकेनंतर तो ब्रिटिश कर्मचाऱ्यांनी चालवला. १९४८ साली रुग्णालय ब्रिटनच्या सरकारी राष्ट्रीय आरोग्य सेवेत सामील झाले आणि एका समाजाची संस्था म्हणून असलेली त्याची ओळख नावापुरती उरली. १९७४ पासून तेथे मानसिक रुग्णांवर आणि मनोविकारग्रस्त वृद्धांवर उपचार होऊ लागले; १९८७ साली ते बंद झाले आणि इमारतींचे रूपांतर निवासी सदनिकांत करण्यात आले.