ऑटोफिल, घरगुती हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील

जमाखर्चाची नवी नोंद करताना नावाची पहिली दोन-चार अक्षरे टाइप होताच उरलेले नाव, खर्चाचा गट, रक्कम व टीप जुन्या नोंदीवरून आपोआप भरून येण्याची सोय. या एका नावाखाली तीन वेगळ्या क्रिया येतात : अर्धवट नाव पुरे करणे, त्या नावाची मागची संपूर्ण नोंद उतरवणे, आणि बँकेच्या स्टेटमेंटमधून आत घेतलेल्या व्यवहाराचा गट अंदाजाने ठरवणे. तिघींचे दोष निराळे आणि उपायही निराळे. ‘ऑटोफिल बिघडले’ ही तक्रार बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रियेबद्दल असते. पहिली क्रिया क्वचितच चुकते.

उगम : अर्धवट शब्द यंत्राने पुरा करण्याच्या कल्पनेचे श्रेय कोणाला द्यावे, याबाबत एकमत नाही. संगणकापुरते पाहिले, तर १९६०च्या दशकातील एसडीएस ९४० या यंत्रावरील बर्कली टाइमशेअरिंग (एकच यंत्र अनेकांनी एका वेळी वापरण्याच्या) प्रणालीकडे व तिच्यानंतर बीबीएन संस्थेत १९६९च्या सुमारास सुरू झालेल्या टेनेक्स या प्रणालीकडे बोट दाखवले जाते. टेनेक्समध्ये आज्ञेची काही अक्षरे लिहून एस्केप कळ दाबली की उरलेली आज्ञा पुरी होत असे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील केन ग्रीअर यांनी १९७५ पासून हीच सोय युनिक्स प्रणालीच्या शेलमध्ये (आज्ञा लिहून घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) आणण्याचे काम केले. त्यातून आलेल्या टीसीशेल या शेलच्या नावातील ‘टी’ टेनेक्सचा आहे. याउलट टॉमस मलेनी या इतिहासकाराने ही कल्पना संगणकापूर्वीच्या चिनी टंकलेखन यंत्रांपर्यंत मागे नेली आहे. १९५०च्या दशकाच्या आरंभी तेथील टंकलेखकांनी एकापाठोपाठ हमखास येणारी अक्षरे यंत्राच्या ताटात शेजारी मांडण्यास सुरुवात केली, पुढचे अक्षर आधीच हाताशी असणे हेच भाकिताचे मूळ होय, असा हा युक्तिवाद. तो विचारप्रवर्तक आहे. परंतु त्या मांडणीत अंदाज माणूस बांधतो आणि यंत्र फक्त अक्षर जवळ ठेवते. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील सोयीचा सरळ पूर्वज शोधायचा, तर टेनेक्सची बाजू अधिक ग्राह्य वाटते.

घरगुती हिशेबात ही सोय रूढ झाली ती इंट्युइट कंपनीच्या क्विकनमुळे. कंपनीची स्थापना १९८३ची; ‘क्विकफिल’ या नावाने ही सोय १९९०च्या दशकातील आवृत्त्यांत ठळकपणे आढळते. मायक्रोसॉफ्ट मनीमध्येही (१९९१–२००९) तशीच सोय होती. मुक्त सॉफ्टवेअरपैकी ग्नूकॅशची पहिली स्थिर आवृत्ती १९९८ची.

जुनी नोंद उतरण्याचे दोष : सॉफ्टवेअर मागची नोंद हाच नियम धरते, हे येथील बहुतेक दोषांचे मूळ. बडोद्यातील घराचे उदाहरण घ्यावे. लाइट बिल दोन महिन्यांनी येते; वैशाखातल्या आणि मार्गशीर्षातल्या बिलांत मोठे अंतर असते. मागची रक्कम आयती उतरली आणि घाईत एंटर दाबले गेले, की उन्हाळ्याचे बिल हिवाळ्याच्या आकड्याने नोंदले जाते. हा आकडा अशक्य कोटीतला नसल्यामुळे महिनाअखेरीस नजरेतही भरत नाही. खंडेराव मार्केटच्या भाजीची रक्कम रोज बदलते, तेथे माणूस आकड्याकडे पाहतो. दोन महिन्यांनी येणाऱ्या बिलाकडे तितक्या सावधपणे पाहत नाही. ज्या रकमा खरोखर स्थिर असतात (भाडे, सोसायटीचा मेंटेनन्स, क्लासची फी) त्यांच्यासाठी ऑटोफिलपेक्षा ठरल्या तारखेची आवर्ती नोंद बरी.

विभागलेल्या नोंदीत हा दोष वाढतो. एकाच दुकानाच्या बिलात किराणा, औषध व भेटवस्तू असे तीन गट एकदा पाडले, तर पुढच्या वेळी तिन्ही गट जुन्या रकमांसह उतरतात. एकूण रक्कम नवी घातली की फरक उरतो. ग्नूकॅश तो ‘इम्बॅलन्स’ या खात्यात टाकते. त्या खात्यात शिल्लक दिसू लागली, तर गणिताच्या चुकीआधी जुने विभाजन उतरले आहे का, हे तपासावे.

दुरुस्तीत सर्वसाधारणपणे राहून जाणारी गोष्ट अशी, की समोरची नोंद सुधारली तरी सॉफ्टवेअरच्या स्मरणातील नमुना सुधारतोच असे नाही. क्विकनमध्ये नावांची स्मरणयादी स्वतंत्र असते (कंट्रोल-टी). तेथे जाऊन नमुना दुरुस्त करावा, नको ते नाव काढून टाकावे, आणि योग्य नमुन्याला कुलूप लावावे. कुलूप असलेला नमुना नंतरच्या नोंदीने बदलत नाही. नवे नाव आपोआप लक्षात ठेवण्याची सोय पसंतीच्या सेटिंगमधून बंदही करता येते. ग्नूकॅशमध्ये हाताने भरायच्या नोंदींसाठी अशी वेगळी यादी नाही. त्याच वर्णनाची अलीकडची नोंद हाच नमुना असतो, म्हणून शेवटची नोंद नीट केली की पुढची नीट येते. याच कारणाने दिवाळीच्या एका वेगळ्या खरेदीनंतर त्या दुकानाच्या पुढच्या नोंदी भरकटतात. टॅली हे मुख्यतः व्यापारी हिशेबाचे सॉफ्टवेअर असले, तरी त्यातील एक रीत उल्लेखनीय आहे : मागचे विवरण (टीप) आपणहून उतरत नाही, कंट्रोल-आर दाबल्यावरच येते. घरगुती हिशेबातही नाव व गट आपोआप यावेत आणि रक्कम रिकामी राहावी, ही व्यवस्था प्रस्तुत नोंदीत श्रेयस्कर मानली आहे.

स्टेटमेंटमधील नावे : १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्ट, इंट्युइट व चेकफ्री यांनी पुढे आणलेल्या ओएफएक्स या बँक-व्यवहारांच्या फाइलच्या नमुन्यात प्रत्येक व्यवहाराला बँकेने दिलेला एक क्रमांक असतो. त्यावरून तोच व्यवहार दुसऱ्यांदा आत येणे टळते. नावासाठी मात्र ३२ अक्षरांचीच जागा आहे. भारतात स्टेटमेंट बहुधा सीएसव्ही किंवा एक्सेल फाइलच्या रूपात मिळते. त्यात असा हमखास क्रमांकाचा रकाना नसतो, आणि यूपीआय (२०१६) आल्यापासून विवरणात १२ अंकी संदर्भ क्रमांक गुंफलेला असतो. तो दर वेळी बदलतो. त्यामुळे संपूर्ण ओळ जुळवून नाव ओळखण्याचा नियम यूपीआयवर कधीच लागू पडत नाही. नियम लिहिताना ‘अमुक शब्द असेल तर’ असाच लिहावा, आणि तो शब्द शक्यतो समोरच्याच्या यूपीआय पत्त्यातील घ्यावा.

ग्नूकॅश विवरणाचे शब्द सुटे करून कोणता शब्द कोणत्या खात्याशी किती वेळा आला यावरून बेझच्या पद्धतीने संभाव्यता काढते. ‘यूपीआय’ हा शब्द सगळ्याच खात्यांत आल्याने त्याने निवड होत नाही. पण सुरुवातीला घाईघाईने सगळे ‘इतर खर्च’मध्ये टाकले असल्यास ते वजन दीर्घकाळ टिकते. ग्नूकॅशच्या इम्पोर्ट मॅप एडिटरमधून शब्द व खाते यांच्या चुकीच्या जोड्या काढून टाकणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय.

लिपी व सांकेतिक अक्षरे : बडोद्यातील मराठी कुटुंबांत हा प्रश्न इतरत्र असतो त्याहून गुंतागुंतीचा होतो. दांडिया बाजार किंवा रावपुऱ्यातील एखाद्या घरी हिशेब मराठीत लिहिला जातो, बँकेचे विवरण रोमन अक्षरांत येते, दुकानाचे बिल गुजरातीत असते. जोशी हे आडनाव गुजरातीत पुष्कळदा ‘जोषी’ असे लिहितात; ते तसेच देवनागरीत उतरवले गेले, की एकाच माणसाची दोन नावे होतात. गुजराती व देवनागरी या लिप्यांची युनिकोडमधील (अक्षरांना सांकेतिक क्रमांक देणाऱ्या मानकातील) मांडणी समांतर आहे (इस्की या भारतीय मानकावरून ती आली), तरी सॉफ्टवेअर त्या दोन लिप्या एक मानत नाही.

याहून सूक्ष्म अडचण खास मराठी अक्षराची आहे. ‘दुसऱ्या मजल्याचे भाडे’ किंवा ‘कऱ्हाडकर’ यांतील चंद्रकोरीसारखा र दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो : ऱ (सांकेतिक क्रमांक ०९३१) व हलन्त मिळून, किंवा साधा र, हलन्त व शून्यरुंदी जोडक (न दिसणारे जोडचिन्ह) मिळून. पहिला प्रकार इस्कीला अनुसरून आहे. दुसरा युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी मान्य ठेवलेला. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही (एकाच अक्षराची निराळी रूपे एकसारखी करण्याच्या क्रियेनेही) त्यांची एकरूपता होत नाही, कारण ते ऱ आणि ‘र अधिक नुक्ता (अक्षराखालचे टिंब)’ यांची सांगड घालते, जोडकाला हात लावत नाही. परिणामी फोनवरून लिहिलेले आणि संगणकावरून लिहिलेले ‘कऱ्हाडकर’ यादीत शेजारी-शेजारी दोनदा दिसू शकते आणि माणसाला त्यातला फरक कळत नाही. उपाय साधा आहे : एक नाव पुसून भारतीय लिप्यांच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर (ऱ हे शिफ्ट-जे वर आहे) पुन्हा लिहावे आणि जुन्या नोंदी त्याच्याखाली आणाव्यात. इनस्क्रिप्टचा आणखी एक फायदा असा, की त्यात प्रत्येक कळ थेट अक्षर देते. रोमनमधून मराठी करणाऱ्या साधनांत शब्द तयार होत असतानाच ऑटोफिल मध्ये पडते आणि अर्धा शब्द खाते.

नावे कोणत्या लिपीत ठेवावीत, यावर दोन मते आहेत. सर्व नावे रोमनमध्येच ठेवावीत म्हणजे बँकेच्या विवरणाशी जुळतील, असे एक. नावे देवनागरीत ठेवून रोमन रूपांसाठी नामांतराचे नियम करावेत, असे दुसरे. दुसऱ्यात आरंभीचे कष्ट जास्त, पण घरातील वडीलधाऱ्यांना हिशेब वाचता येतो. म्हणून ते अधिक स्वीकारार्ह.

ब्राउझर व मोबाइल : वेबवरील हिशेबात ब्राउझरचे स्वतःचे ऑटोफिल नावाच्या चौकटीत वापरणाऱ्याचेच नाव भरते. ते ब्राउझरच्या सेटिंगमध्ये बंद करावे लागते. हिशेबाच्या सेटिंगमध्ये शोधून उपयोग नाही. एक्सेलमध्ये सूचना त्याच स्तंभातील सलग मजकुरावरून येतात, मध्ये रिकामी ओळ आली की त्या थांबतात, आणि निव्वळ आकडे त्यात धरले जात नाहीत. बँकेचे एसएमएस वाचून नोंद करणारी मोबाइल ॲप भारतात प्रचलित आहेत. गूगल प्लेने एसएमएस वाचण्याच्या परवानगीवरील निर्बंध २०१८ मध्ये जाहीर केले. संदेशाचा साचा बँकेने बदलला की या ॲपचे नाव ओळखणे थांबते, आणि ॲपची नवी आवृत्ती येईपर्यंत नोंद हाताने करावी लागते.