द्रवस्फटिकाचा वेव्हगाइड: गाभ्याकडून आवरणाकडे

1888 साली प्रागमध्ये फ्रीडरिख रायनिट्झर यांना कोलेस्टेरिल बेंझोएट दोनदा वितळताना दिसले: 145.5 अंश सेल्सियसला गढूळ द्रव, 178.5 अंशांना नितळ. मधली गढूळ अवस्था म्हणजे द्रवस्फटिक: द्रवासारखा वाहणारा, पण रेणू स्फटिकासारखे एका दिशेने लावलेले. वेव्हगाइड म्हणजे प्रकाशाला ठरलेल्या वाटेने नेणारी रचना: प्रकाश आतल्या गाभ्यातून जातो आणि भोवती आवरण असते. त्यात हाच गढूळपणा पुढे आडवा आला.

1969 साली बेल लॅब्जच्या स्टुअर्ट मिलर यांनी प्रकाशाची सर्किटे एकाच पट्टीवर बसवण्याची कल्पना मांडली. त्यासाठी अपवर्तनांक (पदार्थात प्रकाश किती मंदावतो याचे माप) विजेने बदलायला हवा. लिथियम निओबेट या घन स्फटिकात तो जेमतेम चौथ्या दशांश स्थळी हलतो. इंग्लंडमधल्या हल या शहरात जॉर्ज ग्रे यांच्या गटाने 1970च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केलेल्या 5सीबी या द्रवस्फटिकात मात्र एक-दोन व्होल्टांत रेणू वळू लागतात आणि अपवर्तनांक 1.53 ते 1.71 असा सरकतो. एवढा पल्ला दिसल्यावर गाभाच द्रवस्फटिकाचा करून पाहणे ओघानेच आले.

1974 साली बर्कलीच्या चेनमिंग हू आणि जॉन व्हिनरी यांनी अशा गाभ्यातल्या प्रकाशहानीचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेमॅटिक (लांबट रेणू साधारण एकाच दिशेने असलेल्या) द्रवस्फटिकाच्या गाभ्यात हानी सेंटीमीटरला 20 डेसिबेलच्या घरात जाते, म्हणजे सेंटीमीटरभरात शंभरातला एकच भाग उरतो. द्रव कितीही शुद्ध केला तरी हे टळत नाही, कारण उष्णतेमुळे रेणूंची दिशा सतत थरथरते आणि प्रकाश विखुरतो.

खरा तोडगा रचनेत होता: गाभा घन ठेवायचा आणि द्रवस्फटिक आवरणात भरायचा. गाभ्याबाहेर झिरपणारा थोडासाच प्रकाश त्याला भेटतो, आणि पृष्ठभागाने धरून ठेवलेले तिथले रेणू कमी थरथरतात, लवकर परततात. मात्र प्रकाश गाभ्यातच राहावा म्हणून गाभ्याचा अपवर्तनांक आवरणापेक्षा जास्त, म्हणजे 1.71च्या वर हवा. 1.45चा सिलिका चालत नाही, 2च्या आसपासचा सिलिकॉन नायट्राइड चालतो. गाभा जाड झाला तर प्रकाश बाहेर डोकावत नाही आणि नियंत्रण दुबळे पडते. फार पातळ झाला की हानी परत येते.

भरताना 5सीबी 35 अंशांच्या वर नेऊन केशाकर्षणाने आत ओढू द्यावा आणि सावकाश निववावा. घाई केली तर वाहण्याच्या दिशेने रेघा उमटतात आणि त्या प्रकाश विखुरतात. व्होल्टेज साधारण 1 किलोहर्ट्झचे एसी द्यावे. डीसीने आयन इलेक्ट्रोडपाशी साचून विद्युतक्षेत्र झाकतात.

याच मार्गाने कोलोरॅडोच्या व्हेसेंट फोटॉनिक्सने 2010च्या सुमारास हजाराहून अधिक तरंगलांबींचा कलाबदल (प्रकाशलहर पुढेमागे सरकवणे) साधला आणि हलता भाग न ठेवता लेझर झोत वळवला. प्रत्यक्ष उपकरणात एकटा 5सीबी पुरत नाही, कारण 35 अंशांनंतर तो साधा द्रव होतो. म्हणून 60 अंशांच्या आसपासपर्यंत टिकणारी ई7सारखी मिश्रणे वापरतात.