जुना दाढीचा ब्रश दुरुस्तीला देण्याआधी

वडिलांचा, आजोबांचा ब्रश घेऊन येणारे बहुतेक जण काउंटरवरच विचारतात, “आजच्या आज होईल ना?” होत नाही. आणि त्याहूनही जास्त उशीर होतो तो बहुधा एकाच कारणानं : घरी कुणीतरी आधीच त्यात इन्स्टंट गम ओतलेला असतो.

केसांचा झुबका मुठीतल्या गोल खाचेत बसवलेला असतो. जुना चिकट पदार्थ सुटला की झुबका पुष्कळदा अख्खा हातात येतो. तसाच आणलात तर आम्हाला फक्त खाच साफ करावी लागते. गम मात्र पातळ असतो. तो केसांच्या मुळांत शिरतो आणि काचेसारखा कडक होतो. मग केस मुठीलगत कापायचे, मधोमध बारीक ड्रिल घालायचं आणि कडेपर्यंत थोडं थोडं कोरत यायचं. जरा घाई झाली की मूठ तडकली. बरं, एवढं करून तो गम टिकतो का? रोजच्या गरम पाण्यानं पुन्हा सुटतो. म्हणून गम लावलेल्या ब्रशची मजुरी आम्ही जास्त घेतो. ते काम खरोखरच जास्त आहे.

झुबका सैल करायला मूठ उकळत्या पाण्यातही घालू नका. मूठ सेल्युलॉइडची, म्हणजे जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची असेल तर ते मऊ पडून वाकतं. नेलपॉलिश रिमूव्हरनं तर ते विरघळतंच.

“जुनेच केस धुऊन परत बसवा,” असा काहींचा आग्रह असतो. आठवणीचा भाग आम्हाला कळतो, पण फार जुन्या ब्रशला आम्ही नाहीच म्हणतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन-अमेरिकेत घोड्याच्या केसांच्या ब्रशमधून दाढी करणाऱ्यांना अँथ्रॅक्स हा जनावरांपासून येणारा जीवघेणा रोग झाला होता. काही जुन्या मुठींवर ‘स्टरलाइज्ड’ (निर्जंतुक केलेला) असा ठसा दिसतो तो त्यामुळेच. त्या रोगाचे बीजाणू वर्षानुवर्षं तग धरतात आणि घरच्या साबणानं मरत नाहीत. मूठ तुमचीच राहते, झुबका नवा : डुकराच्या राठ केसांचा, बॅजर या प्राण्याच्या केसांचा किंवा सिंथेटिक. प्राण्यांचे केस नको असतील तर सिंथेटिक बिनधास्त घ्या. फेस छान होतो, ब्रश वाळतोही लवकर. आमच्या मते रोजच्या वापराला तोच बरा.

आधी झुबका कोरडाच बसवून उंची ठरवतो. जास्त वर राहिला तर केस लुळे पडतात, फार आत गेला तर गालाला टोचतात. त्यानंतर इपॉक्सी हा पक्का चिकटवणारा पदार्थ, आणि तो मुरायला पूर्ण 24 तास. यात सूट नाही.

पिवळी पडलेली कॅटालिनची (तेही जुन्या काळचं प्लास्टिकच) मूठ पॉलिश करून उजळते, पण लोण्यासारखा तो रंग जुनेपणानंच येतो. घालवण्याआधी एकदा विचार करा.

केस गळत नसतील, नुसते चरबट झाले असतील, तर आमच्याकडे येऊच नका. बोअरच्या पाण्याचा थर असतो तो. एक भाग पांढरं व्हिनेगर, दहा भाग कोमट पाणी, त्यात फक्त केस पाचेक मिनिटं बुडवा, मग शाम्पूनं धुऊन झटका आणि उघड्यावर वाळवा. ओला ब्रश डब्यात बंद केलात तर आमचं गिऱ्हाईक व्हायला वेळ लागणार नाही.

दिवाळी पाडव्याला भेट द्यायचा असेल तर ब्रश दसऱ्याआधी आणून द्या. कुरिअरनं पाठवणार असाल तर पूर्ण कोरडा करून पाठवा, आणि मुठीवरून सुटून पडलेलं धातूचं कडं असेल तर तेही पाकिटात घाला. तसं कडं नव्यानं मिळत नाही.