ऑफिसच्या इमारतीत झाडं हवीत? स्लॅब पडायच्या आधी भेटा

बांधकाम तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर आलं की आम्हाला फोन येतो, "पोडियमवर (म्हणजे खालच्या रुंद मजल्यांच्या छतावर) आणि गच्चीवर गार्डन करून द्या." सोबत फोटो येतात, बहुतेक सिंगापूरचे. काम आम्हाला आवडीचंच, पण तोवर इमारतीचं वजनाचं गणित ठरून गेलेलं असतं.

ओली माती घनमीटरला साधारण 1800 किलो भरते. एक फूट थर दिला तर दर चौरस मीटरवर साडेपाचशे किलोच्या आसपास. लोकांची ये-जा असलेल्या साध्या गच्चीसाठी भारतीय मानकात (आयएस 875) चौरस मीटरला 150 किलोच्या आसपास भार धरतात. लॉनचं सहा इंचात भागतं, झुडपांना दीड फूट लागतो आणि बहावा किंवा तामण लावायचं तर निदान तीन फूट. आता तुम्हीच हिशेब करा.

"कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घालून हलकं करा" हा पुढचा आग्रह. करतो, पर्लाइट हा हलका खनिज दाणाही घालतो. पण कोकोपीट कुजत जातं तसा थर खाली बसतो, आणि हलक्या मिश्रणात उंच झाडाची मुळं पकड घेत नाहीत. जुलैच्या वाऱ्यात ते आडवं होतं. खरा उपाय ड्रॉइंगवरच निघतो. जड वाफे कॉलमच्या डोक्यावर येतील असे मांडायचे, मातीच्या भागातला स्लॅब खाली घ्यायचा, म्हणजे चालायची फरशी आणि माती एका पातळीत येते. बीम-कॉलमचं डिझाइन करणाऱ्या आर.सी.सी. कन्सल्टंटला हे आधी कळलं तर तो डिझाइनमध्येच धरून टाकतो. उशिरा कळलं तर सगळे बीम पुन्हा तपासत बसतो, आणि तेवढा वेळ तुमचं काम अडतं.

वॉटरप्रूफिंगला आम्ही फार वेळ लावतो, अशी साइटवर कुरकुर असते. कोबा (विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफ थर) झाल्यावर आम्ही पाणी कोंडून तीन दिवस ठेवतो, मगच मुळं अडवणारा थर, पाणी वाहून नेणारा ड्रेन बोर्ड आणि माती अडवणारं कापड. वर माती पडल्यावर गळती शोधायची म्हणजे सगळी बाग उपसायची. प्रत्येक वाफ्याला दोन आउटलेट आणि त्यांवर उघडता येणारी जाळीची पेटी हवीच. अडकलेली पानं माळ्याला हाताने काढता आली पाहिजेत. कॉन्ट्रॅक्टर एकाच आउटलेटवर भागवायला बघतो. आम्ही मानत नाही.

लॉबीतल्या हिरव्या भिंतीबद्दलही सगळे विचारतात. पंप, ड्रिप, खास दिवे आणि कायमचा माळी असेल तर करून देऊ. पण ती पाहुण्यांसाठी असते. काम करणारा माणूस तिच्यासमोरून दिवसातून दोनदा जातो, आणि बाकी आठ तास त्याच्यासमोर पार्टिशन असतं. संशोधक रॉजर उलरिच यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास आम्ही म्हणूनच पुढे करतो: खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले, त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. तो अभ्यास हॉस्पिटलमधला, हे खरं. पण मुद्दा बसल्या जागेवरून काय दिसतं याचाच आहे.

त्यामुळे आमचा पहिला प्रश्न असतो, केबिन कुठे? खिडकीच्या कडेने साहेबांच्या केबिन लावल्या की स्टाफ मधल्या अंधारात जातो. खिडकीच्या उंचीच्या दोन-अडीच पटींपर्यंतच चांगला उजेड आत येतो. त्यापलीकडे स्टोअर, मीटिंग रूम टाका. पश्चिमेला सरसकट काच घेतलीत तर चारनंतर पडदे खाली, दिवे चालू, आणि बाहेर लावलेलं झाड कोणालाच दिसत नाही.

प्लॉट लहान आहे, ही अडचण आम्ही फारशी मानत नाही. न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या ऐन गर्दीत फोर्ड फाउंडेशनच्या इमारतीने 1960च्या दशकातच बारा मजली उंचीचं काचेचं दालन करून त्यात बाग केली आणि ऑफिसं तिच्याकडे तोंड करून बसवली. आपल्या वाड्यांना चौक होतेच. तेवढं जमलं नाही तरी दर दोन मजल्यांआड एक खोल गॅलरी ठेवता येते.

पहिल्या बैठकीची फी आम्ही घेतो, कारण साइटवर दुपारी चारला उभं राहून ऊन पाहिल्याशिवाय आम्ही काही सांगत नाही. काम दिल्यास ती बिलातून वळती होते. येताना आर्किटेक्टचे प्लॅन, कन्सल्टंटचा फोन नंबर आणि प्लॉटवरच्या जुन्या झाडांचे फोटो आणा. स्लॅब आधीच पडला असेल तरी या. कॉलम कुठे आहेत ते बघून काय बसतं ते सांगू.