डिजिटल परिवर्तन : व्यवसाय व शासनसेवा

इंटरनेट, एकमेकांशी जोडलेले डेटाबेस आणि डिजिटल ओळख यांच्या आधारे एखादी कंपनी किंवा सरकारी खाते आपल्या कामाची पद्धतच बदलते, त्या प्रक्रियेला डिजिटल परिवर्तन म्हणतात. कागदी अर्ज संकेतस्थळावर ठेवणे किंवा नोंदवहीतल्या नोंदी संगणकात उतरवणे हे नुसते संगणकीकरण. अर्ज ऑनलाइन भरल्यावर त्याची प्रत छापून सहीशिक्क्यासाठी खिडकीवर न्यावीच लागत असेल, तर काम पूर्वीइतकेच राहते. छपाईचा खर्च तेवढा अर्जदाराच्या माथी पडतो. त्यामुळे किती पोर्टल उघडली आणि किती ॲप काढली यावरून परिवर्तन मोजता येत नाही. तीच माहिती कोण कितव्यांदा विचारतो आणि ती खरी असल्याची खात्री कामाच्या कोणत्या टप्प्यावर केली जाते, हे पाहावे लागते.

पूर्वपीठिका

संगणकांच्या जाळ्यावरून व्यवहार करण्याची पद्धत इंटरनेटपेक्षा जुनी आहे. अमेरिकन एअरलाइन्स आणि आयबीएम यांनी उभारलेली सेबर ही विमान-आरक्षण प्रणाली १९६०च्या दशकातच कामाला लागली होती. मोठे कारखाने व त्यांचे पुरवठादार ऑर्डरी आणि बिले ठरावीक साच्यात एका संगणकावरून दुसऱ्याकडे धाडत असत; अशा साच्यांसाठी एडिफॅक्ट हे आंतरराष्ट्रीय मानक १९८७ मध्ये आले. फ्रान्समध्ये १९८२ पासून टेलिफोनच्या तारेवर चालणाऱ्या मिनिटेल यंत्रावर लोक रेल्वेची तिकिटे काढत आणि बँकेतली शिल्लक पाहत. ही सेवा २०१२ पर्यंत टिकली. या सगळ्या जाळ्यांचे दुखणे सारखेच होते. प्रत्येक जाळ्याला मालक होता, आत यायचे तर त्याच्या अटी मान्य कराव्या लागत आणि लहान उद्योगाला तो खर्च झेपत नसे.

ही अट मोडली ती मालक नसलेल्या नियमांनी. १ जानेवारी १९८३ पासून अर्पानेट या संशोधन-जाळ्याने टीसीपी/आयपी हे संदेशवहनाचे नियम स्वीकारले. ते पाळणारे कोणतेही जाळे दुसऱ्याला जोडता येऊ लागले. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबची आज्ञावली सर्वांना विनामोबदला खुली केली. अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणारा आणि व्यापारी वापराला मज्जाव करणारा एनएसएफनेट हा इंटरनेटचा कणा १९९५ मध्ये बंद झाला आणि इंटरनेटवरील व्यापाराला उरलेली आडकाठीही दूर झाली. पैसे आणि सह्या यांचा प्रश्न राहिला होता. व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या सार्वजनिक किल्लीच्या (कुलूप लावण्याची किल्ली सर्वांना उघड, उघडण्याची मात्र गुप्त अशा) गणिताने तो सुटला. अनोळखी माणसाशी गुप्तपणे बोलता येणे आणि मजकूर कोणाचा आहे हे सिद्ध करता येणे, या दोन्ही गोष्टी त्याच गणितावर उभ्या आहेत. कायद्यानेही पुढे साथ दिली. केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात आहे म्हणून एखादा दस्तऐवज अवैध ठरवू नये, हे तत्त्व संयुक्त राष्ट्रांच्या व्यापारविधी आयोगाने १९९६ च्या नमुना कायद्यात घातले.

व्यवसाय

अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९३७ मध्ये एक साधा वाटणारा प्रश्न विचारला होता : बाजारात सगळे विकत मिळत असताना कंपन्या असतातच कशाला? माणूस शोधणे, भाव ठरवणे, करार करणे आणि तो पाळला जातो की नाही हे बघणे याला खर्च येतो. तो वाचवण्यासाठी कामे एका छपराखाली आणली जातात, असे त्यांचे उत्तर होते. इंटरनेटने नेमका हाच खर्च कमी केला. हिशेब, ग्राहकसेवा, आज्ञावली-लेखन, मालाची ने-आण अशी कामे कंपनीबाहेर, कित्येकदा देशाबाहेर गेली. मध्यस्थ आता नाहीसे होतील, असे भाकीत १९९०च्या दशकात सर्रास केले जाई. प्रवास-एजंट आणि वृत्तपत्रांच्या छोट्या जाहिराती यांच्या बाबतीत ते बरेचसे खरे ठरले. पण जुने मध्यस्थ गेले तिथे त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठे मध्यस्थ येऊन बसले. ॲमेझॉनने जुलै १९९५ मध्ये पुस्तके विकायला सुरुवात केली, सप्टेंबरमध्ये ईबेचा लिलाव सुरू झाला. अशा ठिकाणी विक्रेते जितके जास्त तितके ग्राहक जास्त येतात आणि ग्राहक वाढले की विक्रेत्यांना दुसरीकडे जाणे परवडत नाही. कोस यांच्या तर्काने कंपन्या आकसायला हव्या होत्या. प्रत्यक्षात काही कंपन्या इतक्या फुगल्या की युरोपीय महासंघाला २०२२ मध्ये अशा ‘द्वारपाल’ कंपन्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

कामाची पद्धत बदलणे म्हणजे नेमके काय, हे फोर्ड मोटर कंपनीच्या उदाहरणातून चांगले कळते. ते इंटरनेटच्या प्रसाराआधीचे, १९८०च्या दशकातले आहे. व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी १९९० मध्ये ते मांडले आणि आजही त्याला तोड नाही. फोर्डच्या उत्तर अमेरिकेतील बिले चुकवणाऱ्या विभागात ५००हून अधिक माणसे होती. संगणक आणून त्यांत २० टक्के कपात करावी, असा बेत होता. तेवढ्यात लक्षात आले की माझ्दा ही तुलनेने लहान जपानी कंपनी हेच काम ५ माणसांत भागवते. फोर्डमध्ये खरेदीच्या ऑर्डरीची प्रत, गोदामातली मालपावती आणि पुरवठादाराचे बिल असे तीन कागद जुळवत बसावे लागे आणि बहुतेक वेळ न जुळणाऱ्या कागदांमागे धावण्यात जाई. कंपनीने मग बिलच काढून टाकले. गाडी गोदामाच्या दारात आली की तिथला कारकून सामाईक डेटाबेसमध्ये ऑर्डर पाहतो. माल तिच्याशी जुळला तर उतरवून घेतो आणि चेक आपोआप निघतो, न जुळल्यास गाडी परत. पडताळणी कामाच्या शेवटून सुरुवातीला आली आणि विभागातली माणसे सुमारे ७५ टक्क्यांनी कमी झाली. जुनीच जुळवाजुळव वेगवान संगणकावर केली असती, तर हाती फारसे लागले नसते.

बहुतेक ठिकाणी नेमके हेच होत होते. संगणकयुग सगळीकडे दिसते, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही, असा टोला अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये मारला. त्याला इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये विजेच्या इतिहासातून उत्तर दिले. वीज आल्यावर कारखानदारांनी आधी वाफेच्या इंजिनाच्या जागी एक मोठी विद्युत मोटर बसवली. छताखालचे दांडे आणि पट्टे तसेच ठेवले. प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळून कारखान्याची मांडणीच बदलली, तेव्हा कुठे १९२०च्या दशकात उत्पादकता उसळली. पहिल्या वीजकेंद्रांपासून इथवर यायला सुमारे ४० वर्षे लागली होती.

२००६ मध्ये ॲमेझॉनने साठवणजागा आणि संगणनशक्ती तासाच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली. क्लाउड या नावाने रूढ झालेल्या या पद्धतीमुळे नव्या उद्योगाला यंत्रांत भांडवल अडकवावे लागेनासे झाले. सोबत एक नवे अवलंबित्व आले. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने दुरुस्तीची आज्ञा चुकीची टंकली आणि असंख्य संकेतस्थळे काही तास ठप्प झाली. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष अपडेटने विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पाडली. विमाने जमिनीवर राहिली, रुग्णालयांतली कामे खोळंबली.

पैसे चुकवण्याच्या बाबतीत बदल सर्वांत वेगाने दिसला, तो भारतात २०१६ पासून यूपीआयने आणि ब्राझीलमध्ये नोव्हेंबर २०२० पासून पिक्सने. कोणत्याही बँकेच्या खात्यातून दुसऱ्या कोणत्याही बँकेच्या खात्यात क्षणात पैसे जावेत, असा सामाईक नियम दोन्हीकडे आहे. तो एकट्या-दुकट्या खासगी कंपनीने आखलेला नाही, हे महत्त्वाचे : पिक्स ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेने उभारले, यूपीआय राष्ट्रीय देयक महामंडळाने.

शासनसेवा

दुकान आवडले नाही तर ग्राहक दुसरीकडे जातो. सरकारी खात्याच्या ‘ग्राहका’ला ती सोय नाही. शिवाय खात्याला फायद्याची गिऱ्हाइके निवडता येत नाहीत, सगळ्यांनाच सेवा द्यावी लागते. त्यामुळे व्यापारातल्या युक्त्या इथे उचलून लावता येत नाहीत.

या क्षेत्रात एस्टोनियाचे नाव वारंवार घेतले जाते आणि ते रास्त आहे, मात्र त्याचे कारण पुष्कळदा चुकीचे सांगितले जाते. तिथे सर्व माहितीचा एक महाकाय साठा मुळीच नाही. २००१ मध्ये सुरू झालेल्या एक्स-रोड या व्यवस्थेत प्रत्येक खाते आपली नोंद स्वतःकडेच ठेवते. दुसऱ्या खात्याला काही हवे असेल तर तो प्रश्न सांकेतिक भाषेत, डिजिटल सहीसह जातो, उत्तर तसेच येते आणि दोन्हींची नोंद राहते. सरकारकडे एकदा दिलेली माहिती पुन्हा मागायची नाही, असे बंधन खात्यांवर आहे. आपली माहिती कोणी पाहिली हे नागरिकाला तपासता येते. २००२ पासून दिलेल्या चिपच्या ओळखपत्राने केलेली सही हाताच्या सहीइतकीच ग्राह्य आहे. २००५ च्या स्थानिक निवडणुकांत लोकांनी त्यावर इंटरनेटवरून मतदानही केले. हे सगळे निर्वेध चालले असे नव्हे. २०१७ मध्ये त्या चिपमध्ये सुरक्षेचा दोष सापडला. सुमारे साडेसात लाख पत्रांवर त्याचे सावट होते आणि देशाची लोकसंख्या अवघी तेरा लाख. सरकारने दोष जाहीर केला, पत्रांची प्रमाणपत्रे थांबवली आणि ती ऑनलाइन बदलण्याची सोय केली. एक्स-रोडचा वापर पुढे फिनलंडनेही सुरू केला.

सरकारी खरेदीत पारदर्शकतेचा लाभ सर्वाधिक असतो. दक्षिण कोरियाने २००२ मध्ये निविदांपासून देयकांपर्यंतचे व्यवहार एका प्रणालीत आणले. युक्रेनमध्ये प्रोझोरो ही प्रणाली ऑगस्ट २०१६ पासून सर्व सरकारी खरेदीदारांना बंधनकारक झाली; लिलाव संपला की हरलेल्यांसकट सर्वांचे देकार कोणालाही पाहता येतात.

फसलेले प्रयोग

अमेरिकेत आरोग्यविम्यासाठीचे केंद्रीय संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी उघडले आणि पहिल्या दिवशी फक्त ६ जणांची नोंदणी पुरी झाली. कंत्राटदार अनेक होते. सगळे भाग एकत्र चालतात की नाही हे पाहण्याची जबाबदारी नीट कोणाकडेच नव्हती. योजना नुसत्या पाहायच्या तरी आधी खाते उघडा, अशी अट घातल्याने गर्दी दारातच तुंबली. हा तांत्रिक घोळ होता, तो काही आठवड्यांत बराचसा आवरला गेला.

अधिक घातक असतात त्या बिनबोभाट चालणाऱ्या चुका. ऑस्ट्रेलियात ‘रोबोडेट’ नावाने कुप्रसिद्ध झालेली, जादा दिला गेलेला सरकारी भत्ता वसूल करण्याची योजना त्यांपैकीच. तिथे भत्ता दर पंधरवड्याच्या कमाईवर ठरतो, कर-खात्याकडे मात्र वर्षाची एकूण कमाई असते. दोन खात्यांचे डेटाबेस जोडले गेले, वर्षाच्या कमाईला २६ ने भागले आणि येणारी सरासरी प्रत्येक पंधरवड्याची खरी कमाई मानली गेली. सहा महिने नोकरी आणि सहा महिने बेकारी अशा माणसाने बेकारीच्या काळात रीतसर घेतलेला भत्ता या हिशेबाने वसुलीस पात्र ठरला. नोटिसा यंत्रातून निघत आणि आपण देणे लागत नाही हे सिद्ध करण्याचा भार नोटीस मिळालेल्यावर असे, तोही काही वर्षांपूर्वीच्या पगारपत्रकांनिशी. ही पद्धत बेकायदा असल्याचे सरकारने २०१९ मध्ये न्यायालयात मान्य केले. ७० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम परत करावी लागली आणि २०२३ मध्ये चौकशी आयोगाने योजनेवर कठोर ताशेरे ओढले. डेटाबेस जोडण्यात तांत्रिक चूक काहीच झाली नव्हती. ‘उत्पन्न’ हा एकच रकाना दोन खात्यांत दोन वेगळ्या गोष्टी सांगतो, हे विचारात घेतले गेले नाही आणि पूर्वी हा फरक ओळखून मालकाकडे चौकशी करणारा कारकून साखळीतून वगळला गेला होता.

ब्रिटनमध्ये डाकघरांच्या होरायझन या हिशेबप्रणालीतील दोषांमुळे १९९९ नंतर ९००हून अधिक लोक चोरी किंवा खोट्या हिशेबाबद्दल दोषी ठरले. उलट पुरावा नसेल तर संगणक नीट चालत होता असेच तिथली न्यायालये धरून चालत. उलट पुरावा असलाच तर प्रणाली चालवणाऱ्यांकडे. डाकघर चालवणाऱ्या उपडाकपालाच्या हाती तो येणार कसा? अखेर २०२४ मध्ये कायदा करून या शिक्षा सरसकट रद्द कराव्या लागल्या. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदान घेणाऱ्या हजारो कुटुंबांवर लबाडीचा ठपका चुकीने ठेवल्याच्या प्रकरणात जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

वगळले जाणारे आणि हक्क

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील ६८ टक्के लोक इंटरनेट वापरत होते. २६० कोटी लोक त्याबाहेर होते. डेन्मार्कने २०१४ मध्ये सरकारी टपाल डिजिटल पेटीतूनच घेणे नागरिकांना बंधनकारक केले, तेव्हा ज्यांना जमत नाही त्यांना सूट मागण्याची सोय ठेवली. भारतात आधार क्रमांकाच्या वापराला सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात मर्यादा घातल्या. अनुदानासाठी तो चालेल, खासगी कंपन्यांना मात्र कराराच्या आधारे मागता येणार नाही.

युरोपीय महासंघाचा विदासंरक्षण (वैयक्तिक डेटाचे संरक्षण) नियम २५ मे २०१८ पासून लागू आहे. माणसावर मोठा परिणाम करणारा निर्णय केवळ यंत्राने घेऊ नये, असा हक्क, काही अपवाद ठेवून, त्याच्या २२ व्या कलमात दिला आहे. व्यवहारात याला पळवाट सोपी होती : आकडा यंत्राने काढायचा आणि खाली सही माणसाची घ्यायची. माणूस कर्ज फेडण्याची शक्यता आकड्यात सांगणाऱ्या जर्मनीतील शूफा या पतमापन कंपनीच्या प्रकरणात युरोपीय महासंघाच्या न्यायालयाने ७ डिसेंबर २०२३ रोजी ही वाट बरीच अरुंद केली. कर्ज द्यायचे की नाही हे बँक जर प्रामुख्याने त्या आकड्यावरूनच ठरवत असेल, तर आकडा काढणे हाच स्वयंचलित निर्णय होय आणि त्याला २२ वे कलम लागू पडते, असे न्यायालयाने म्हटले.