हिरड्यांच्या आजारातील पूरक प्रतिजैविके

हिरड्यांच्या आजारावर शस्त्रक्रियेविना उपचार करताना दातांच्या मुळांची खोल सफाई केली जाते. या सफाईच्या जोडीला काही रुग्णांना जी प्रतिजैविके दिली जातात, ती पूरक प्रतिजैविके होत. मुख्य उपचार सफाई हाच. औषधाने तिच्या परिणामात थोडी भर पडते, तीही निवडक रुग्णांत.

निरोगी हिरडी आणि दात यांच्यातली फट साधारण १ ते ३ मिमी खोल असते. परिदंतशोथात, म्हणजे बोलीभाषेत ज्याला पायोरिया म्हणतात त्या आजारात, हिरडी दातापासून सुटते, दाताला धरून ठेवणारे हाड झिजते आणि फटीचा खोल कप्पा बनतो. दंतवैद्य मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी घालून ही खोली मोजतात. सळई ६ मिमी किंवा त्याहून आत गेली आणि बाहेर काढताच रक्त आले, तर तिथे आजार मुरलेला आहे असे समजावे. अशा कप्प्याच्या तळापर्यंत सफाईची हत्यारे पोचवणे अवघड असते, विशेषतः दाढांची मुळे जिथे दुभंगतात तिथे. शिवाय काही जंतू हिरडीच्या ऊतीतही शिरलेले असतात. प्रतिजैविकाचा विचार होतो तो या दोन कारणांनी.

मग नुसत्या गोळ्या घेऊन का भागत नाही? कप्प्यातले जंतू सुटे नसतात. त्यांनी स्वतःच स्रवलेल्या चिकट द्रव्यात ते थराथराने रुतलेले असतात. या थराला बायोफिल्म म्हणतात. त्यात औषध नीट झिरपत नाही आणि आतले जंतू संथ वाढत असल्याने औषधाला सहजी बळी पडत नाहीत. सुट्या जंतूंना मारणारी मात्रा त्यांना अपुरी पडते, काही प्रयोगांत तर त्यांना शेकडो पटींनी जास्त मात्रा लागली. हा थर आधी खरवडून फोडावाच लागतो. सफाई न करता ‘हिरड्या सुजल्या, पाच दिवसांच्या गोळ्या घ्या’ असे सांगणे म्हणजे आजार झाकणे आहे: सूज चार दिवस उतरते, कप्पा आणि किटण जागच्या जागी राहतात.

या उपचारातले महत्त्वाचे औषध मेट्रोनिडाझोल. त्याचा दातांशी संबंध योगायोगाने जुळला. योनिमार्गाच्या ट्रायकोमोनास संसर्गासाठी हे औषध घेणाऱ्या एका स्त्रीचा हिरड्यांचा तीव्र व्रणशोथही बरा झाला आणि १९६२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध झाली. हे औषध मुख्यतः ऑक्सिजनविना जगणाऱ्या जंतूंच्या डीएनएवर घाव घालते आणि खोल कप्प्यात अशाच जंतूंची गर्दी असते. १९८९ मध्ये नेदरलँड्समधील व्हॅन विंकेलहॉफ व सहकाऱ्यांनी त्याला अमॉक्सिसिलिन या पेनिसिलिन गटातल्या औषधाची जोड दिली. आजही याच जोडीचा सर्वाधिक अभ्यास झालेला आहे. दोन्ही गोळ्या बहुधा दिवसातून तीनदा, सात दिवस दिल्या जातात. सफाई थोड्या दिवसांत, शक्यतो आठवडाभरात, आटोपून ती पूर्ण झाल्या दिवशी औषध सुरू करावे असे मानले जाते, कारण नव्याने थर जमण्याआधीच ते कप्प्यात पोचायला हवे. पेनिसिलिनची ॲलर्जी असल्यास नुसते मेट्रोनिडाझोल किंवा अझिथ्रोमायसिन हे पर्याय असतात.

फायदा किती? सर्व कप्प्यांची सरासरी काढली तर सफाईच्या परिणामात मिलिमीटरच्या काही अंशांचीच भर पडते. खोल कप्प्यांत मात्र फरक जास्त दिसतो आणि पुढे शस्त्रक्रिया लागेल अशा जागा कमी उरतात. म्हणूनच युरोपीय परिदंतशास्त्र महासंघाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पोटातून घ्यायच्या प्रतिजैविकांचा सरसकट वापर नाकारला. तोंडभर पसरलेला, तिसऱ्या म्हणजे गंभीर टप्प्यातला आजार तरुण वयात झालेल्यांसारख्या मोजक्या गटांसाठी मात्र वाट मोकळी ठेवली. ही भूमिका रास्त आहे. तिशीच्या आतच पुढचे दात हलू लागलेल्या रुग्णाला औषध नाकारणे जितके चूक, तितकेच चार-पाच मिमीचे मोजके कप्पे असलेल्याला ते देणे चूक.

मोजक्याच जागी कप्पे उरले असतील तर औषध थेट तिथेच ठेवता येते. मिनोसायक्लिनचे सूक्ष्म गोलक आणि डॉक्सिसायक्लिनचे जेल हे त्याचे प्रकार. अडचण अशी की कप्प्यात सतत द्रव पाझरत असतो. ५ मिमीच्या कप्प्यातला द्रव तासाला सुमारे ४० वेळा बदलतो. त्यामुळे साधे औषध काही मिनिटांत धुऊन जाते आणि हळूहळू सुटणारे रूपच वापरावे लागते. डॉक्सिसायक्लिनची २० मिग्रॅची गोळी दिवसातून दोनदा काही महिने देण्याचीही पद्धत आहे. ही मात्रा जंतू मारत नाही. हिरडीला घट्टपणा देणारे कोलॅजन हे प्रथिन तोडणाऱ्या विकरांना (एन्झाइम) ती आवर घालते.

दुष्परिणामांत मळमळ, जुलाब आणि तोंडाला येणारी धातूसारखी चव नेहमीची. मेट्रोनिडाझोल चालू असताना मद्य टाळायला सांगतात. रक्त पातळ करणारे वॉरफरिन हे औषध घेणाऱ्यांत ते रक्त जास्तच पातळ करू शकते. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडलेली असेल तर अझिथ्रोमायसिन जपून द्यावे लागते. टेट्रासायक्लिन गटातली औषधे गरोदरपणात आणि लहान मुलांत टाळतात, कारण घडत असलेल्या दातांवर त्यांचे कायमचे डाग पडतात. सर्वांत मोठी चिंता जंतू औषधाला दाद देईनासे होण्याची. प्रत्येक कोर्सचा परिणाम आतड्यांतल्या आणि त्वचेवरच्या जंतूंवरही होतो.

सफाईनंतर साधारण तीन महिन्यांनी कप्पे पुन्हा मोजले जातात. खोल कप्पे उरले असतील तर आधी रुग्ण घरी दात कसे घासतो, दातांच्या फटी साफ करतो का, धूम्रपान सुटले का आणि मधुमेह ताब्यात आहे का हे तपासतात. मग त्या जागांची पुन्हा सफाई किंवा शस्त्रक्रिया केली जाते. प्रतिजैविकाचा तोच कोर्स पुन्हा पुन्हा देण्याला आधार नाही.