आजाराचं सोंग ओळखणाऱ्या प्रश्नावल्या आल्या कुठून?

मानसशास्त्रीय प्रश्नावली हातात पडली की आपल्याला काय त्रास होतोय एवढंच विचारलंय, असं बहुतेकांना वाटतं. ते अर्धंच खरं. बऱ्याच मोठ्या प्रश्नावल्यांमध्ये काही प्रश्न असे पेरलेले असतात की त्यांना तुमच्या त्रासाशी काही देणंघेणं नसतं. तुम्ही त्रास फुगवून सांगताय, लपवताय, की न वाचताच खुणा करत सुटलात, एवढंच त्यांना बघायचं असतं. हा संशय प्रश्नावलीच्या अंगी जन्मापासून नव्हता.

मानसिक त्रास विचारणारी पहिली मानली जाणारी प्रश्नावली युद्धासाठी तयार झाली. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा तोफांच्या माऱ्याने मन खचून जाणाऱ्या सैनिकांचा प्रश्न युरोपात आधीच गंभीर झाला होता. भरतीच्या वेळीच कच्चे गडी ओळखता आले तर बरं, म्हणून कोलंबिया विद्यापीठाचे रॉबर्ट वुडवर्थ यांनी ‘पर्सनल डेटा शीट’ तयार केली. शेवटच्या आवृत्तीत ११६ प्रश्न, उत्तर हो किंवा नाही. निरोगी माणसांपैकी पाव हिश्श्याहून जास्त जणांना जी तक्रार असते, ती आजाराची खूण मानायची नाही, अशा साध्या हिशेबाने त्यांनी प्रश्न गाळले होते. प्रश्नावली पुरती तयार होईपर्यंत युद्धच संपलं. पण तिच्यातली एक गोष्ट पुढे वारशाने चालत आली: समोरचा खरं सांगणार, हे गृहीत धरलेलं होतं. रणांगणावर जाणं टाळू पाहणाऱ्या माणसाला असे प्रश्न विचारायचे आणि वर ही खात्री बाळगायची, हे आज वाचताना नवल वाटतं.

संशय घेणारे तेव्हा नव्हते असं मुळीच नाही. ते दवाखान्यांत आणि विमा कंपन्यांत होते. जर्मनीत १८८४ मध्ये कामगारांसाठी अपघात विमा आला, ब्रिटनमध्ये १८९७ मध्ये भरपाईचा कायदा झाला, आणि दुखण्याला रोख किंमत आली. किंमत आली तिथे सोंगाची शंका आलीच. ब्रिटिश डॉक्टर जॉन कॉली यांनी १९१३ मध्ये खोट्या आजारपणावर अख्खा ग्रंथच काढला. युद्धात तर या शंकेने क्रूर रूप घेतलं. व्हिएन्नात सैनिकांना विजेचे झटके देऊन ‘बरं’ करण्याच्या पद्धतीवरून १९२० मध्ये वाग्नर-यौरेग या नामवंत मनोविकारतज्ज्ञांची चौकशी झाली. त्या चौकशीत सिग्मंड फ्रॉइड यांनी तज्ज्ञ म्हणून मत दिलं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की मज्जाविकृतीचा (न्यूरोसिसचा, म्हणजे शरीरात दोष नसताना मनाच्या ताणाने होणाऱ्या आजाराचा) रुग्ण एका अर्थाने सोंगच घेत असतो, पण ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं, आणि हाच त्याचा आजार. सोंग आणि आजार यांच्यामधली रेघ किती पुसट आहे, हे इतक्या थोडक्यात नंतर क्वचितच कुणी सांगितलं असेल.

पुढे प्रश्नावल्यांचे दोन वंश झाले. एक भाबडा, एक संशयी.

भाबड्या वंशातलं माझं आवडतं उदाहरण म्हणजे ‘मूनी प्रॉब्लेम चेक लिस्ट’. ओहायो स्टेट विद्यापीठातले रॉस मूनी यांनी ती १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला विद्यार्थ्यांसाठी बनवली. १९५० च्या महाविद्यालयीन आवृत्तीत ३३० अडचणी आहेत, अकरा विषयांत प्रत्येकी तीस: तब्येत, पैसा, घर, अभ्यास, प्रेम, धर्म, पुढचं करिअर. आपल्याला लागू पडणाऱ्या अडचणीखाली रेघ मारायची, मग त्यांतल्या सगळ्यात जास्त छळणाऱ्या अडचणींभोवती गोल करायचा. निदान करायचं नाही, कुणाला नापास करायचं नाही. समुपदेशकापुढे बसल्यावर बोलायला सुरुवात कुठून करायची, एवढ्यासाठीच ती यादी. इथे खोटं बोलून कुणाला काय मिळणार होतं? त्यामुळे खोटं पकडायची सोयही नव्हती. ॲरन बेक यांची नैराश्याची २१ कलमी मापनपट्टी (१९६१) आणि आज दवाखान्यांत सर्रास दिसणारी, नैराश्याचीच नऊ प्रश्नांची ‘पीएचक्यू-९’ याच वंशातल्या. सांगणाऱ्यावर विश्वास ठेवूनच त्या चालतात.

संशयी वंश मिनेसोटात सुरू झाला. तिथल्या विद्यापीठाच्या रुग्णालयात मानसशास्त्रज्ञ स्टार्क हॅथवे आणि मेंदू-मनोविकारतज्ज्ञ जे. सी. मॅकिन्ली यांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस ‘एमएमपीआय’ (मिनेसोटा मल्टिफेझिक पर्सनॅलिटी इन्व्हेंटरी) ही मनोविकार आणि व्यक्तिमत्त्व तपासणारी प्रश्नावली रचायला घेतली. ती १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रसिद्ध झाली. त्यांची रीत उलटी होती. कोणता प्रश्न कोणत्या आजाराचा, हे त्यांनी डोक्याने ठरवलं नाही. रुग्णांची उत्तरं आणि रुग्णांना भेटायला आलेल्या नातेवाईक-मित्रांची उत्तरं शेजारी ठेवली, आणि जिथे फरक दिसला तो प्रश्न उचलला. पाचशेहून जास्त विधानं, बरोबर की चूक तेवढं सांगायचं.

खरी नवलाई मात्र आजारांच्या मापनपट्ट्यांमध्ये (एकत्र गुण मोजायच्या विधानांच्या गटांमध्ये) नव्हती, त्यांच्या पुढे बसवलेल्या पहारेकऱ्यांमध्ये होती. ‘एल’ या पट्टीत पंधरा विधानं, सगळी बारीकसारीक मानवी दोषांबद्दलची. ते दोष आपल्यात अजिबात नाहीत म्हणणारा माणूस एकतर संत असतो, नाहीतर स्वतःला उजळ दाखवत असतो. ‘एफ’ पट्टीत ६४ विधानं, आणि निवडीचा निकष असा की सर्वसाधारण माणसांपैकी दहा टक्क्यांहून जास्त जणांनी तसं उत्तर दिलेलं नसावं. असली उत्तरं ढिगाने देणारा माणूस कोण असेल? गंभीर आजारी, गोंधळलेला, वाचता न येणारा, किंवा वेड पांघरलेला. पट्टी यांतला कोण ते सांगत नाही. उत्तरं विरळा आहेत, इतकंच ती मोजते. १९४६ मध्ये पॉल मील आणि हॅथवे यांनी ‘के’ ही तिसरी, जास्त सूक्ष्म पट्टी जोडली. थोडं सावरून, झाकून बोलणाऱ्यांसाठी. मग हॅरिसन गॉफ यांनी ‘एफ’मधून ‘के’ वजा करून सोंगाचा निर्देशांक काढला. वजाबाकी दोन आकड्यांची, निष्कर्ष माणसाच्या सचोटीबद्दल. या क्षेत्रातली पुढची सगळी भांडणं या वजाबाकीत बीजरूपाने आहेत, असं मला वाटतं.

स्वित्झर्लंडमध्ये मानसशास्त्रज्ञ आंद्रे रे यांनी दुसरीच वाट धरली. तक्रारी विचारण्याऐवजी त्यांनी काम दिलं. एका कागदावर पंधरा गोष्टी: तीन मोठी अक्षरं, तीन लहान, तीन अंक, तीन रोमन अंक, तीन आकृत्या. पंधरा हा आकडा खूप मोठा आहे असं मुद्दाम ठसवायचं, थोडा वेळ दाखवायचं आणि आठवून काढायला लावायचं. खरं तर पाच ओळींचा साधा क्रम लक्षात आला की सगळं आठवतं. स्मरणशक्ती गेल्याचं सोंग घेणाऱ्याला मात्र हे अवघड भासतं, आणि तो भरमसाट विसरतो. याच विचारातून पुढे ‘दोनपैकी एक ओळखा’ प्रकारच्या चाचण्या आल्या. त्यांचं तर्कशास्त्र फार सुंदर आहे. काहीच आठवत नसलेला माणूससुद्धा अंदाजाने निम्मी उत्तरं बरोबर देईल. त्याहून बरीच कमी आली, तर बरोबर उत्तर माहीत असल्याशिवाय इतकं चुकता येत नाही.

 १९८० मध्ये आलेल्या ‘डीएसएम-३’ ने (अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेची मनोविकारांची अधिकृत यादी) सोंग हा आजार नाही, असं म्हणत त्याला वेगळा संकेतांक दिला. वकिलाने पाठवलेला रुग्ण, तक्रार आणि तपासणी यांत तफावत, असहकार, समाजविघातक व्यक्तिमत्त्व अशा खुणा दिसल्या तर शंका घ्या, असंही सांगितलं. यातली पहिली खूण मला कायम खटकते. वकिलाकडे जाणं हा खोटेपणाचा पुरावा कधीपासून झाला? मानसशास्त्रज्ञ रिचर्ड रॉजर्स यांनी यावर बराच रास्त उपाय केला. त्यांची ‘एसआयआरएस’ ही मुलाखत (१९९२) सोंगाड्यांच्या ठरावीक चुका शोधते: दुर्मीळ लक्षणं, एकमेकांशी न जुळणारी लक्षणं, अशक्य कोटीतली लक्षणं. १९९७ मध्ये आलेली ‘सिम्स’ त्यापेक्षा सुटसुटीत, ७५ विधानांची. वेडाचा झटका, मेंदूचे विकार, विस्मरण, मंद बुद्धी आणि भावनिक त्रास या पाचांना प्रत्येकी पंधरा. सोपी म्हणून ती भराभर पसरली. तिच्यावरचा मोठा आक्षेप असा, की भावनिक आणि मेंदूविषयक भागांतल्या काही तक्रारी खऱ्या रुग्णांच्याही असतात, आणि डोक्याला मार लागलेल्या माणसाने त्या प्रामाणिकपणे मान्य केल्या तरी त्याचे गुण वाढतात.

असाच वाद ‘फेक बॅड स्केल’वरून (वाईट असल्याचं सोंग मोजणाऱ्या पट्टीवरून) पेटला. १९९१ मध्ये पॉल लीज-हेली आणि सहकाऱ्यांनी ‘एमएमपीआय’मधूनच ४३ विधानं वेचून, भरपाई मागणाऱ्यांना डोळ्यापुढे ठेवून ती बनवली. नव्या ‘एमएमपीआय-२’ च्या घडणीत ज्यांचा हात होता, त्या जेम्स बुचर यांनीच २००३ मध्ये सहकाऱ्यांसह तिच्यावर टीका केली: खऱ्या रुग्णांनाही ती सोंगाडे ठरवते. तरी २००७ मध्ये ती अधिकृत गुणांकनात आली, पण नाव सौम्य करून. पट्टी तीच राहिली.

या सगळ्यातला गाभ्याचा मुद्दा मात्र फार आधी मांडला गेला होता, आणि तोही ‘के’ पट्टीवाल्या पॉल मील यांनीच. १९५५ मध्ये त्यांनी आल्बर्ट रोझेन यांच्याबरोबर दाखवलं की चाचणी किती चांगली हे पुरेसं नाही, शोधायची गोष्ट मुळात किती लोकांत आहे ते बघा. हिशेब करून बघू. हजार रुग्णांत ८० सोंगाडे आहेत आणि चाचणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे असं धरा. ७२ सोंगाडे पकडले जातील. पण ९२० खऱ्या रुग्णांपैकी ९२ जणांवरही शिक्का बसेल. म्हणजे ‘पकडलेल्या’ माणसांत खरे रुग्ण जास्त, सोंगाडे कमी. आठ टक्के हा आकडा मी हवेतून उचललेला नाही. अमेरिकी चेता-मानसशास्त्रज्ञांच्या (मेंदू आणि वागणं यांचा संबंध तपासणाऱ्यांच्या) २००२ मधल्या एका पाहणीत साध्या वैद्यकीय प्रकरणांत सोंगाचं प्रमाण आठ टक्के, तर अपघात-भरपाईच्या प्रकरणांत २९ टक्के सांगितलं गेलं. तीच चाचणी, पण एका ठिकाणी ती नाण्याच्या फेकीपेक्षाही वाईट आणि दुसऱ्या ठिकाणी बऱ्यापैकी भरवशाची.

१९९९ मध्ये डॅनियल स्लिक आणि सहकाऱ्यांनी स्मरण-आकलनाच्या बाबतीतल्या सोंगाचे निकष ठरवले, तेव्हा त्यांनी तीन पायऱ्या केल्या: निश्चित, संभाव्य आणि शक्य. निश्चित म्हणायला मुळात बाहेरून मिळणारा मोठा फायदा हवा, चाचणीत अंदाजापेक्षाही खाली घसरलेली उत्तरं हवीत, आणि दुसऱ्या कुठल्याही आजाराने या वागण्याचा पूर्ण उलगडा होता कामा नये. हातात फक्त माणसाच्या तोंडच्या तक्रारी असतील, तर मजल तिसऱ्या पायरीपर्यंतच. सोंग शक्य आहे, बस.